भावाच्या कार्डावर

कारखान्यातली नोकरी मुळात दादाची. आम्ही नवापूरचे, घरची होडी. मामानं खटपट करून दादाला बोईसरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात चिकटवलं, आणि आठ दिवसांत तो परत आला. "त्या वासान मना जेवन जात नाय," म्हणाला आणि होडीवर गेला. कारखान्याच्या हजेरीकार्डावर तेव्हा फोटो नसायचा. नवव्या दिवशी तेच कार्ड घेऊन मी कामावर गेलो. आमच्याकडे यात कुणाला काही गैर वाटलं नाही. होडीवर एक भाऊ आजारी पडला तर दुसरा जातोच की.

शिवाय मला समुद्र लागतो. कोळ्याच्या पोराला होडीत ओकाऱ्या व्हाव्यात, यासारखी नामुष्की नाही. म्हणून ती नोकरी मला जिवापाड हवी होती. दहा वर्षं फोरमन मला दादाच्या नावानं शिव्या घालायचा आणि मी त्या मुकाट घ्यायचो.

मग एकदा आम्ही ॲसिडच्या टाकीवर हातमोजे मागितले. बोलायला पुढं मी होतो. दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं. ना चौकशी, ना कागद. युनियनच्या माणसानं रीत समजावली: आधी कंपनीला मागणीपत्र, मग सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढं समेटाची बोलणी, ती फिसकटली की प्रकरण ठाण्याच्या लेबर कोर्टात. फिसकटायला वेळ लागला नाही, कारण कंपनीचा माणूस बोलण्यांना आलाच नाही. अर्ज अर्थातच दादाच्या नावानं. त्याची सही मीच ठोकली. मागणी एकच, पुन्हा कामावर घ्या.

मग तारखा सुरू झाल्या. कधी न्यायाधीश बदलले, कधी कंपनीचे वकील आजारी, कधी आमचा नंबरच लागायचा नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही कुठले शहाणे, पाच वर्षं चढत होतो.

सहाव्या वर्षी दादा काविळीनं गेला. ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूची नोंद मीच केली. माणूस गेला की नोंद करायची, एवढंच डोक्यात. कोर्टाचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही, इतका मी गाढव.

पुढच्या तारखेला माझी साक्ष होती. त्याआधीच कंपनीच्या वकिलानं मृत्यूच्या दाखल्याची नक्कल पुढं केली. गावातल्या कुणी त्याला दिली, कोण जाणे. आमच्या वकिलानं मला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं.

"हा मेलाय?"

"दादा मेलाय."

"मग तू कोण?"

सांगितलं सगळं. तो कपाळाला हात लावून बाकावर बसला. म्हणाला, "खरं सांगितलंस तर खोट्या सह्यांसाठी आत जाशील. गप्प राहिलास तर अर्जदार मेला. मेलेल्या माणसाला कामावर घ्या, असा निकाल कोण देईल?"

मला त्याचा राग आला, कंपनीचा आला, दादाचाही आला. मरायला हीच वेळ सापडली होती त्याला! लगेच स्वतःची लाज वाटली.

पट्टेवाल्यानं दादाच्या नावाचा पुकारा केला. सवयीनं मी "हजर" म्हणणार होतो, तेवढ्यात वकिलानं हात दाबला. आत गेलो. न्यायाधीशांनी कागदातून मान वर न करता विचारलं, "मयताचं कोणी आलंय?"

मी पुढं झालो.

"आपण कोण?"

"भाऊ," मी म्हणालो. त्या नोकरीबद्दल इतक्या वर्षांत मी बोललेलं हे पहिलं खरं, आणि ते बोलूनच मी ती घालवली.