पाहुणे जेवेपर्यंत

तुदावहिनी थकल्या होत्या, आणि ते साऱ्या गावाला दिसत होतं. डोंगर चढायला येणारे परदेशी पाहुणे त्यांच्याच घरी उतरायचे. तीस वर्षं पहाटे उठून पीठ मळायचं, दारातले चिखलाचे बूट ओलांडत चहा द्यायचा, मंडळी गेली की अंथरुणं झटकायची. खिंडीपलीकडे चार तासांवर त्यांचं माहेर. तिथे त्यांची बहीण ईज्जा वसंतापासून अंथरुणाला खिळलेली. "एवढे गेले की जातेच," वहिनी म्हणायच्या, की पुढचे हजर. पाहुण्यांचं सामान माझ्याच खेचरावर यायचं, त्यामुळे मी कोणत्या तोंडाने बोलणार?

त्या दिवशी मी वहिनींच्या माहेराहूनच चार फ्रेंच पाहुणे घेऊन निघालो. ईज्जा पहाटेच गेली होती. वहिनींच्या भावाने माझ्या खेचराचा दोर धरला. "तुदाला सांग, दुपारच्या शेवटच्या नमाजापर्यंत, चार वाजेपर्यंत, मी माती थांबवतो." तेव्हा आमच्या डोंगरात फोन नव्हते.

अकराला पोचलो. वहिनी दारातच होत्या.

"बिहीभावजी, कशी आहे हो माझी ईज्जा?"

घरात पाहुणा उपाशी असताना वाईट बातमी सांगायची नाही, ही आमची रीत.

"बरी आहे. आधी यांच्या जेवणाचं बघा."

मेले जेवायला बसले ते उठेचनात! मटणाचं भांडं पुसून खाल्लं, पुन्हा रोटी मागितली, मग चहा, मग फोटो. एकाने हातवारे करून वहिनींना हसायला सांगितलं. त्या हसल्याही. मी दारात उभा राहून ऊन कुठवर सरकलं ते बघत होतो. स्वतःचीच चीड येत होती, पण जीभ रेटेना.

शेवटी ते गच्चीवर जाऊन आडवे झाले, तेव्हा मी सांगितलं. वहिनींनी खिंडीकडे पाहिलं. आता धावत गेल्या असत्या तरी पोचल्या नसत्या. त्या चुलीपाशी खाली बसल्या. रडल्या नाहीत.

"आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"पाहुणे उपाशी होते, वहिनी. हातातलं टाकून तुम्ही निघून गेला असतात."

"गेलेच असते," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत एकदा तरी गेले असते हो, भावजी."