बापूरावांची शॅम्पेन

नाटक कंपनीत बापूरावांनी उभा जन्म प्रॉपर्टी सांभाळली. खलनायकाची व्हिस्की म्हणजे त्यांचा कोरा चहा, आणि श्रीमंतांच्या मेजवानीतली शॅम्पेन म्हणजे सोड्यात त्याच चहाचे चार थेंब. बूच उडाल्याचा आवाज ते विंगेत उभे राहून कागदी पिशवी फोडून काढत. पहिली रांग दचकायची! असा माणूस बाटलीवर विश्वास ठेवील तरी कसा?

म्हणून त्या रविवारी कसब्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दीपालीने सोनेरी कागदात तोंड गुंडाळलेली हिरवी बाटली टेबलावर ठेवली, तेव्हा बापूरावांनी आधी चष्मा लावला. लेक हडपसरची आयटीतली पक्की नोकरी सोडून नाशिकजवळच्या एका वायनरीत जायचं म्हणत होती. बापाने त्यांचा माल चाखावा आणि मग हो की नाही ते सांगावं, असं ठरलं होतं. नाही म्हणायची बापूरावांची तयारी झालेलीच होती.

"द्राक्षं कोणत्या सालची, ते कुठाय?"

"यावर नसतं, बाबा. द्राक्ष एकच, शार्डोने. पण दोन-तीन वर्षांच्या वाइन एकत्र केल्यात."

"उरलंसुरलं एकत्र केलं, असं म्हण."

"अहो, चाखा तरी!" दीपालीची आई सुंदराबाई ओट्यापाशी दाणे भाजता भाजता म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांना चहा पाजलात, कुणी साल विचारलं नाही तुम्हाला."

बापूरावांनी सवयीने बाटली खसाखसा हलवायला घेतली. दीपालीने झडप घालून ती काढून घेतली, बराच वेळ थंड पाण्यात ठेवली. मग बूच घट्ट धरून बाटली हळूच फिरवली. नुसता एक सुस्कारा आला.

"गॅस गेलाय."

"असंच उघडायचं असतं, बाबा."

"सोयीचं आहे."

जुन्या बाजारातून कंपनीसाठी आणलेले उंच दांड्याचे दोन ग्लास कपाटात होते. ते भरले गेले. बापूराव मात्र हात न लावता पहारा देत बसले. सोड्याचे बुडबुडे कसे मान टाकतात, हे त्यांना पाठ होतं. दाणे आले, संपत आले. तळातून निघालेली बारीक मण्यांची माळ तुटायचं नाव घेईना. तेव्हा कुठे त्यांनी घोट घेतला.

आधी हिरव्या सफरचंदासारखा आंबटपणा, मग जिभेवर फेस फुटला आणि मागून पहाटेच्या बेकरीचा वास आला.

"यात पाव घातलाय?" त्यांनी डोळे बारीक केले.

"यीस्ट, बाबा. बाटलीत पुन्हा आंबवतात आणि महिनोन् महिने त्यावरच ठेवतात."

"आणि सालांची भेसळ?"

"पाऊस दरवर्षी वेगळा, द्राक्ष वेगळं. पण लोकांना चव तीच हवी असते. म्हणून जुनी वाइन राखून ठेवतात, नव्यात मिसळतात. किती, ते जिभेने ठरवायचं. तेच काम शिकवणार आहेत मला."

बापूरावांनी दुसरा घोट तोंडात धरून ठेवला. कंपनीचं एकच नाटक कित्येक वर्षं चाललं. नायिका बदलल्या, राजा वारला, पेटीवाला गेला. नवा पोरगा उभा राहिला की मालक त्याच्या शेजारी जुना नट हटकून ठेवत. पुन्हा पुन्हा येणारे लोक जाताना म्हणायचे, तोच रंग आहे हो! तिथे भेसळ म्हणायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तरी शंका पुरती जाईना.

"आणि तुझं मिसळणं चुकलं तर?"

दीपाली म्हणाली, "तर पिणाऱ्याला कळेल. लपवता नाही येणार."

बापूरावांनी चष्मा काढला.

"मग जा," ते म्हणाले. "आमचा चहा कुणाच्या लक्षातच आला नाही कधी."

आणि ग्लास खिडकीच्या उजेडात धरून ते पुन्हा संशयाने पाहू लागले. माळ अजून चालूच होती.