पावरीपुढे खुर्ची

एकोणऐंशी सालचा हिवाळा. सुरगाण्याची एस.टी. नाशिकच्या स्टँडातून हलली आणि अण्णांनी मफलर कानांवर ओढत मला बजावलं, "पावरी ऐकीन. पटली तर आपल्या वार्षिक जलशात जागा. नाही पटली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही!"

अण्णा आमच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष, मी चिटणीस. पावरी (भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंग जोडलेलं डोंगरी वाद्य) आपल्या व्यासपीठावर यावी म्हणून मी पावसाळाभर त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. तेव्हा कुठे ही स्वारी हलली.

वणीला गाडी थांबली. नको नको म्हणत अण्णांनी माझ्या वाटचीही भजी संपवली. पुढे सागाच्या जंगलातून वळणं सुरू झाली आणि अण्णा एकदम गप्प झाले. चेहरा पांढराफटक! मी खिडकी उघडून दिली आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला.

फाट्यावर गावित गुरुजी घ्यायला आले होते. ते तिथल्या शाळेचे मास्तर, आणि त्याच गावचे. त्यांच्या घरी नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी असा झकास बेत होता. वणीच्या भज्यांनी पोट बिघडलंय म्हणत अण्णांनी नुसतं वरण घेतलं.

दुपार कलल्यावर सगळं गाव अंगणात जमलं. गुरुजींनी शाळेतली एकुलती एक खुर्ची आणली होती, तिच्यात अण्णा स्थानापन्न झाले. मी भाषण ठोकलं. तुमची कला थोर आहे, तिचा प्रसार झाला पाहिजे, वगैरे वगैरे. एक आजीबाई गुरुजींच्या कानाशी कोकणीत (इकडची डोंगरातली बोली) काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतात?" मी कौतुकाने विचारलं.

"हे अजून किती बोलणार, म्हणतात."

मी आवरतं घेतलं. गावात पावरी वाजवणाऱ्या लहानूबाबांनी ती तोंडाला लावली. बायाबापड्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग धरली. छातीत घुमणारा तो पहिला सूर निघाला, आणि तिथेच थांबला. लहानूबाबा अण्णांकडे बघत होते.

"हा बेमार आहा का?" (हे आजारी आहेत का?)

गुरुजी ओशाळले. "आमच्याकडे पावरी वाजली की धडधाकट माणूस बसत नाही, साहेब. बसतो तो आजारीच."

"अण्णा, उठा ना जरा," मी विनवलं.

"अहो, मी उभ्या जन्मात गाणं बसूनच ऐकलंय!"

झालं! लहानूबाबांनी पावरी खाली ठेवली. दारात आजारी माणूस असताना नाचायचं कसं? कोणीतरी भगताला बोलावून आणलं. आजीबाईंनी कसलासा काढा आणला. अण्णांनी तो घेतला आणि त्यांचा चेहरा पाहून मला पावरीचा विषय कायमचा संपल्याची खात्री पटली. रडूच यायचं बाकी होतं.

भगताने अण्णांवरून तांदूळ ओवाळले आणि विचारलं, "पोटात हाय का काही?"

"वणीपासून," गुरुजी प्रामाणिकपणे म्हणाले.

भगताने मान डोलावली आणि कोंबडी मागवली.

अण्णांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ते ताडकन उठले. "मी ठणठणीत आहे! कोंबडी सोडा आधी!"

अंगणात एकच जल्लोष झाला. पावरी पुन्हा घुमली, दोन दणकट बायांनी दोन्हीकडून अण्णांच्या कमरेला विळखा घातला आणि आमचे अध्यक्ष रांगेबरोबर निघाले. आधी फरफटत, धोतर सावरत, सगळी पावलं चुकवत. मग हळूहळू एक पाऊल बरोबर पडलं, मग दुसरं. लहानूबाबा फिरतील तिकडे रांग फिरत होती. मलाही कोणीतरी ओढलं. हसून हसून पोट दुखत होतं आणि डोळेही भरून येत होते. सूर्य डोंगराआड गेला तरी अण्णा रांग सोडायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांनी मफलर पुन्हा कानांवर ओढला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. प्रसार करायला गेलेल्या माणसाचं त्या गावाने निमूटपणे ऐकून घेतलं होतं, हेच खूप झालं, असं वाटत होतं. निकाल विचारायचा मात्र धीर होईना.

नाशिकला उतरल्यावर अण्णा गुडघे चोळत तडक समोरच्या मंडपवाल्याच्या दुकानात शिरले.

"आमच्या जलशाच्या खुर्च्या रद्द करा."

"सगळ्या?" मंडपवाला चक्रावला.

अण्णांनी क्षणभर विचार केला.

"एक ठेवा. कोणी खरंच आजारी असलं तर."