मुदतीआधी फेड

माझी बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. लोक सांगतात, लिहून काढ, मन हलकं होईल. हलकं काही होत नाही. पण घराच्या कागदाची गोष्ट तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. मी दुसरी शिकलेला माणूस, चुका असतील.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. मी होडी सोडून तिथे कामाला लागलो होतो. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही कुडाच्या जागी विटांचं घर बांधलं. त्यासाठी बोईसरच्या एका शेठकडून पाच वर्षांच्या मुदतीने कर्ज काढलं होतं. सुक्या मासळीची वखार होती त्याची. घर त्याच्याकडे गहाण. व्याज असं की मुद्दल हलेचना.

मग कामगारांच्या पतपेढीत कळलं, तिथे व्याज निम्मं आणि हप्ता पगारातून कापतात. शेठचं फेडायला मी तिथे कर्ज मागितलं. दोन जामीन लागत, ते मिळाले. पैसे मिळाल्यावर महिन्याच्या आत घराचा कागद पेढीत जमा करायचा. नाहीतर सगळी रक्कम एकदम परत, माझ्याकडून नाहीतर जामीनदारांकडून.

आमच्यात पुरुषाने मासळी आणायची आणि बाईने विकायची. पैसा, भाव, घासाघीस सगळं तिचं. पुरुष तिथे तोंड घालत नाही. पण मी पगारदार झालो होतो, पँट घालत होतो. पैसे हातात आले तसा तिला न सांगता थेट शेठकडे गेलो. वाटलं, संध्याकाळी कागदच तिच्या हातात ठेवू.

शेठने नोटा मोजल्या, पेटीत टाकल्या, पावती दिली. मग कागद काढला.

“आता वर्षाचं व्याज दे.”

“कसलं व्याज? सगळं दिलं की, शेठ.”

“मुदतीआधी फेडलं तर वर्षाचं व्याज जादा. हे बघ, लिहिलंय. खाली सही कोणाची?”

सही माझीच. वर काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नव्हतं.

“मग माझे पैसे परत द्या. मी मुदतीत फेडतो.”

“जमा झालेला पैसा परत होत नाय. व्याज आण, कागद ने.”

घरी आलो तेव्हा ती बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

“कागद हातात नाय आनि पैसे देऊन आलात? अवो, बारकी पोरगी पन पैसे घेतल्याबिगर बोंबील सोडत नाय! उद्यापासून तुमी बसा बाजारात, मी जाते खडी उचलाया.”

मग ती पाठ करून बोंबील टांगत राहिली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढचे वीस दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एक जामीनदार घाटावरचा, सरावलीला बायको आणि दोन पोरांना घेऊन राहायचा. रोज कामावर भाकरी खाताना विचारायचा, “कागद टाकलास का रे पेढीत?” मी म्हणायचो, “आज-उद्या.” माझं घर जाईलच, पण ह्याच्या पोरांच्या तोंडचंही जाईल, हेच डोक्यात. पाटी मधेच खाली ठेवून उभा राहायचो. मुकादम म्हणायचा, “ताप हाय का तुला?” मी हो म्हणायचो.

पतपेढीच्या मुदतीला आठ दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, “चला शेठकडं. तोंड उगडायचा नाय.”

वखारीत ती शेठसमोर उभी राहिली. “शेठ, दोन वर्सांत तुमचा हप्ता एक दिस चुकला?”

“नाय चुकला. पण कागदावर हाय ते हाय, बाय.”

“कागद तुमी लिवला. बरा. अर्धा व्याज घ्या. आनि ते पन रोख नाय माझ्याकडं. या हंगामाचा माझा सगळा बोंबील तुमच्या वखारीत, भाव तुमी म्हनाल तो. अर्धा फिटला की सांगा.”

“सगळा?”

“सगळा. पन कागद आता.”

“आणि माल नाय आणलास तर?”

“माझा घर काय उचलून नेता येतो? या नि बसा दारात.”

शेठ वहीची पानं उलटत बसला. मला राहवेना, मी “शेठ” म्हणालो आणि तिने माझ्या पायावर पाय दिला. शेवटी त्याने पेटी उघडली. फिटल्याची नोंद घालून सही केली. तिने कागद माझ्यापुढे धरला, “वाचा. आपलाच हाय ना?” मी एकेक अक्षर लावून वाचला. आपलाच होता.

बाहेर पडून थोडं चाललो, तर ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

“तो नाय म्हनला असता तर?” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळाने आम्ही उठलो आणि पेढी बंद व्हायच्या आत कागद जमा केला.

तो हंगाम तिने चांगला माल शेठला पडत्या भावात घातला. सरावलीची तिची गिऱ्हाइकं दुसऱ्या बायांकडे गेली ती परत आली नाहीत. मला म्हणून दाखवलं नाही असं नाही, चांगलं वर्षभर दाखवलं. घर राहिलं. त्याच घरात ती गेली.

आता कोणी माझ्यापुढे कागद ठेवला की मी सही करत नाही. पोरं चिडतात. म्हणतात, बाबा, वाचून दाखवलं ना? दाखवलं. पण विचारू कोणाला?