अस्वलानं थांबवलेली फायनल

आमच्या कंपनीच्या वसाहतीतलं गोल्फचं मैदान पाहून बाहेरचा माणूस आधी हसतो. हिरवळ असते ती पावसाळ्यापुरती. एरवी लाल माती, पिवळं गवत आणि मधूनमधून पळस. खड्ड्याभोवती जो मखमली हिरवा तुकडा लोक टीव्हीवर पाहतात, त्याच्या जागी आमच्याकडे बारीक वाळूत जळकं तेल कालवून केलेली गोल जागा आहे. तिला आम्ही ‘ब्राऊन’ म्हणतो. चेंडू खड्ड्याकडे ढकलण्याआधी लोखंडी पाइप ओढून आपली वाट सपाट करून घ्यायची, अशी आमच्याकडची रीत. होल नऊच, तेच दोनदा खेळले की अठरा होतात. नवव्या होलच्या मागे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे जंगल.

मी या वसाहतीच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. माहेर मूल गावाजवळचं, धानाच्या पट्ट्यातलं. आमच्या घरात गोल्फ हा शब्द कधी कोणाच्या तोंडी आला नसेल. पस्तिशी उलटल्यावर थायरॉइड निघाला, अंग सुटलं, तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, म्हणून मी मैदानाच्या कडेनं चालू लागले. त्याच सुमारास क्लबात खेळणारे कमी पडले आणि साहेबलोकांपुरतं असलेलं सभासदत्व सगळ्या कर्मचाऱ्यांना खुलं झालं. बायकांसाठी सकाळचा वर्ग निघाला. बऱ्याच जणी आल्या, उन्हाळा लागताच गळाल्या. मी राहिले. चेंडू काठीच्या नेमक्या जागी बसला की एक कोरडा, छोटासा आवाज येतो. तो आवाज मला आवडायचा. एवढंच कारण होतं, आणि ते मी कोणाला सांगत नसे.

क्लबच्या स्पर्धेत त्या वर्षी मी फायनलला पोचले, ते कोणाच्या ध्यानीमनी नसताना. माझ्याही नाही. समोर कोण, तर तेच मोठे डॉक्टर. उंच, मितभाषी माणूस. रोज माझ्या खोलीत येऊन फोटो बघणारे, “कोपर आडवं धरून एकदा काढा, मॅडम,” एवढंच बोलून जाणारे. फायनलपर्यंत ते पूर्वीही पोचले होते, पण कप त्यांना मिळाला नव्हता. आणि मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

आठवडाभर दवाखान्यात दुसरा विषय नव्हता. आमच्या मेट्रनबाई चांगल्या मनाच्या. त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं.

“साहेब आता चालले ना बाई,” त्या म्हणाल्या. “तुले काय, पुढच्या वर्षीही खेळता येईन. होऊ दे ना त्याइचं.”

मी डबा बंद करून खोलीत परतले. रात्री नवऱ्याला फोन केला. तो एसटीत ड्रायव्हर आहे, गडचिरोली डेपोला. मार्कंड्याच्या जत्रेच्या जादा गाड्या संपून त्याला नुकतीच थोडी उसंत मिळाली होती. मी म्हटलं, हरले तर लोक म्हणतील मुद्दाम हरली, जिंकले तर म्हणतील हिला मोठ्याची लाज नाही.

“मंग लोकाइले बोलू दे,” तो म्हणाला. “तू आधी जेव.”

सामन्याच्या दिवशी उजाडतानाच मी मैदानावर गेले. गेटवरचा चौकीदार आमच्याच गावाकडचा. “जयभीम ताई,” तो म्हणाला, “आज दाबून खेळजा.” मी नुसती मान हलवून आत गेले.

दोघांचाच सामना. ज्यानं कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घातला, तो होल त्याचा. शेवटी ज्याचे होल जास्त तो जिंकला. पहिल्या फेरीत मी इतकी वाईट खेळले की माझं मलाच नवल वाटलं. हात लाकडासारखे झाले होते. एक चेंडू पळसाच्या बुंध्यावर आपटून मागे आला. एक रानडुकरांनी उकरलेल्या खड्ड्यात जाऊन बसला. नऊ होल संपले तेव्हा डॉक्टर चांगलेच पुढे होते. ते दर वेळी “कठीण जागा होती” असं काहीतरी म्हणायचे, आणि त्यांचं ते सौजन्य मला जास्त लागायचं.

तेवढ्यात नवरा आला. रात्रपाळीची गाडी डेपोत लावून, खाकी कपड्यांतच, मोटारसायकलवर. त्याला या खेळातलं काही कळत नाही. तो कडेच्या दोरीशी उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, “तू मारून राह्यली, अन् भेव मले लागून राह्यला. हे काय झालं?”

मला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा. दुसऱ्या फेरीचा पहिला फटका मारला तर तो कोरडा आवाज आला. चेंडू सरळ गेला. मग दुसराही गेला. मी जोर लावायचं सोडलं होतं, की डॉक्टर ढिले पडले होते, सांगता येत नाही. एकेक होल मी परत घेत गेले, आणि शेवटच्या होलवर आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो.

त्या होलवर माझा दुसरा फटका आयुष्यातला चांगला म्हणावा असा बसला. चेंडू ब्राऊनवर टप्पा घेऊन खड्ड्यापासून चार फुटांवर थांबला. डॉक्टरांचाही ब्राऊनवरच होता, पण माझ्यापेक्षा बराच लांब. फटके दोघांचे सारखे. लांबच्यानं आधी मारायचं, म्हणजे त्यांनी. त्यांचा चुकला आणि माझा गेला, की कप माझा. बघायला आलेली माणसं दोरीशी पुढे सरकली.

डॉक्टरांनी पाइप ओढायला घेतला, आणि माळी ओरडला, “अस्वल! अस्वल हाय!”

कुंपणाची तार एका जागी वाकलेली होती. तिथून एक मादी आत आली होती, पाठीवर पिल्लू घेऊन. ब्राऊनच्या पलीकडच्या अंगाला मोहाचं झाड आहे. मोह गळायचे दिवस होते आणि झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. एवढ्या उन्हात ती एरवी येत नाही. त्या दिवशी आली. तिनं आमच्याकडे तोंड करून एकदा हुंगलं आणि खाली मान घालून खायला लागली.

आम्ही चेंडू उचलले, त्यांच्या जागी नाणी ठेवली, आणि न पळता, पण कोणी थांबतही नाही अशा चालीनं क्लबच्या खोलीत आलो. दार लावून घेतलं. वनखात्याला फोन गेला. वनरक्षक मोटारसायकलवरून आला, खिडकीतून बराच वेळ बघत राहिला.

“हाकलाची नाई,” तो म्हणाला. “संग पिल्लू हाय. हाकललं तं अंगावर येईन. पोट भरलं का जाईन आपली आपन.”

“किती वेळ?” कोणीतरी विचारलं.

“तिले इचारा,” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

मग वाट बघणं सुरू झालं. तो वेळ मी कधी विसरणार नाही. खेळताना निदान हातापायांना काम असतं. इथं नुसतं बसायचं, आणि ते चार फूट मनात मारत राहायचे. मनात मी तो चेंडू कितीतरी वेळा मारला आणि बहुतेक वेळा चुकवला. त्यात सल्ले देणारे. मेट्रनबाई आल्या होत्याच, त्या म्हणाल्या, “पेशंटले सांगतेस ना, श्वास घ्या, रोखा? तसाच रोख.” मी रोखून बघितला. डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती आणखीच धडधडायला लागली. मी उठून मागच्या व्हरांड्यात गेले.

तिथं डॉक्टर एकटेच बाकावर बसले होते. मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले. मला पाहून त्यांनी सरकून जागा दिली.

“बसा, मॅडम.”

मी बसले. त्यांनी हात सोडवून माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती.

“बघा,” ते म्हणाले. “इतकी ऑपरेशनं केली, हे कधी झालं नाही. सकाळी निघण्याआधी मला उलटी झाली. बायको म्हणाली, जाऊ नका, ताप आहे सांगा.”

 मी माझे हात पुढे केले. तेही थरथरत होते. आम्ही दोघं वेड्यासारखे चार हात समोर धरून बसलो, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

“साहेब, तुम्हाला कशाची भीती?” मी म्हटलं. “सगळे तुमच्याच बाजूनं आहेत.”

“म्हणूनच तर,” ते म्हणाले. “जो भेटतो तो म्हणतो, या वर्षी तुमचाच कप. चुकलो तर या सगळ्यांच्या तोंडाकडे कसं बघू?” मग म्हणाले, “तुम्हालाही सांगितलं असेल लोकांनी, साहेबांना जिंकू द्या म्हणून.”

मी खोटं बोलू शकले नाही. मान हलवली.

“मनावर घेऊ नका. मला चांगलं खेळायचंय, आणि त्यासाठी समोरचा माणूसही खेळायला पाहिजे.”

आठवडाभर मी असं धरून चालले होते की धडधड फक्त माझ्या छातीत आहे आणि ते मोठे, शांत, अनुभवी आहेत. तो माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता. हे कळल्यावर माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. भीती गेली नाही. पण ती आता एकटीची नव्हती. आणि त्यापाठोपाठ मला सडकून भूक लागली. नवऱ्यानं डब्यात पोहे आणले होते. मी आणि डॉक्टरांनी एकाच डब्यातून खाल्ले. नवरा समोर उभा राहून “साहेब, घ्या ना आणखी” म्हणत राहिला.

ऊन चांगलं तापल्यावर वनरक्षक व्हरांड्यात आला. “गेली. कुंपनाच्या पार गेली.” आधी तो आणि माळी जाऊन बघून आले, मग आम्ही गेलो. नाणी जागच्या जागी होती. पण ब्राऊनवरून ती चालत गेली होती. वाळूत नखांसकट पावलं उमटली होती, माझ्या वाटेवर आडवी. माणसाच्या पायासारखीच वाटावीत अशी. सगळे वाकून बघत होते. माळ्यानं त्यावरून पाइप ओढला तेव्हा मला उगाच वाईट वाटलं.

डॉक्टर आधी. त्यांनी फार वेळ लावला नाही. चेंडू निघाला, वाळूवरून मंद आवाज करत आला, खड्ड्याच्या काठावर जरा रेंगाळला आणि आत पडला. साठीला आलेला तो गंभीर माणूस दोन्ही पायांनी उडी मारून ओरडला. मीही ओरडले. खरंच ओरडले, तेवढ्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की आता माझी पाळी आहे हेच विसरले.

मग आठवलं. आता माझा गेला तर बरोबरी, चुकला तर हार. मी पाइपनं वाट सपाट केली, उभी राहिले.  खड्ड्याची मागची कड बघितली, आणि जास्त विचार शिरायच्या आत मारला. चेंडू मधोमध गेला. तो आत पडल्याचा आवाज मी ऐकला, बघितला नाही.

बरोबरी झाल्यावर पहिला होल पुन्हा खेळायचा, असा नियम. तिथं मध्ये कोरडा नाला आहे. मी नेहमी नाल्याच्या अलीकडे चेंडू थांबवते, कारण पलीकडे नेण्याची ताकद नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी मोठी काठी काढली. का काढली ते आजही सांगता येणार नाही. चेंडू उंच गेला, नाला ओलांडून गवतात पडला. दोरीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला, “गेला वो, गेला!” आणि त्याला दोघातिघांनी गप्प केलं.

डॉक्टरांचा चेंडू डावीकडे घाणेरीच्या झुडपात गेला. त्यांनी तो कसाबसा बाहेर काढला, त्यात एक फटका गेला. पुढचा फटका मात्र इतका देखणा मारला की मीच टाळ्या वाजवल्या. पण तो एक फटका भरून निघाला नाही. ब्राऊनवर माझा पहिला धक्का खड्ड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मी पुढे जाणार तोच डॉक्टर चालत आले, वाकून त्यांनी माझा चेंडू उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

“हा दिला, गेला असं धरा,” ते म्हणाले. “जिंकलात.”

टाळ्या पडल्या, जरा बिचकत. मेट्रनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कोणासाठी ते मी विचारलं नाही. मला लगेच आनंद झाला नाही. आधी डॉक्टरांकडे बघवेना. ते नाल्याच्या कडेच्या दगडावर बसून मोजे काढत होते आणि मान आणि खांद्याच्या मध्ये फोन धरला होता. “हरलो,” ते बायकोला सांगत होते. “नाही, नाही, बरा आहे. अगं, ऐक तर. चांगला खेळलो. खरंच चांगला खेळलो.”

ते ऐकल्यावर माझा आनंद वर आला. नवऱ्यानं कप हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, म्हणाला, “येच्यात चहा नाई ना पेता येत?” आणि मी रडत-हसत त्याच्या खाकी बाहीला डोळे पुसले.

सोमवारी दवाखान्यात सगळे माझ्या आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. ते नेहमीच्या वेळेला आले. एका बाईचं मनगट मोडलं होतं, तो फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिला. “एकदा तिरपं धरून काढा, मॅडम,” म्हणाले आणि निघाले. दारातून वळून विचारलं, “रविवारी येताय ना सकाळी?”

त्यानंतर मे महिन्यापर्यंत आम्ही दर रविवारी खेळलो. बहुतेक वेळा तेच जिंकायचे, आणि जिंकले की सोमवारी दिवसभर दवाखान्यात भेटेल त्याला सांगत फिरायचे.