तिसरो भाग कधी येतलो?

इक्बाल गेल्याची बातमी मला त्याच्या वडिलांनी दिली. सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. मालवणात बाजारपेठेच्या मागे माझा फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना आहे. तिथे एका बाईंच्या खांद्याला शेक देत होते. फोनवर हसनचाचांचं नाव बघून नवल वाटलं, कारण मी त्यांचा व्यायाम घेते त्या सात वर्षांत त्यांनी मला आपणहून एकदाही फोन केला नव्हता. "मंदा," ते म्हणाले, "इक्बाल रवलो नाय गो. बेंगलोरसून शाहीनचो फोन इलो." शाहीन ही इक्बालची बायको. मग अगदी साध्या आवाजात, "माका खुर्चेतसून उठूचा आसा. उठूक जमणा नाय. येतंस काय?"

मी गेले. मागच्या दारी पायरीजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना उठवलं, काठी हातात दिली, आणि वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, न्हाणीपर्यंत नेलं. ऑफिसला निघताना बूट घालायला वाकलेला इक्बाल तसाच खाली कोसळला होता. सेहेचाळीस वर्षांचा होता. आंबोली घाटातून त्याला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी दफन झालं. त्याला आता दीड महिना होऊन गेला. शाळासोबती म्हणून मी दोन ओळी लिहाव्यात असं काही जणांनी सुचवलं तेव्हा मी टाळत होते. मला जे ठाऊक आहे ते दोन ओळींत बसणारं नव्हतं, आणि त्यातलं थोडं माझ्या विरुद्ध जाणारंही आहे.

आम्ही पाचवीपासून एका वर्गात. त्याचे वडील तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य. बंदरावर त्यांचा शब्द चालायचा. आणि इक्बालला बोट लागायची. नुसती मळमळ नव्हे, धक्का सुटला की दहा मिनिटांत तो कठड्यावर ओणवा. चौदाव्या वर्षी चाचांनी त्याला पहिल्यांदा खोल दर्यात नेलं आणि त्याची अवस्था बघून अर्ध्या वाटेतून बोट परत फिरवली. त्या दिवसाची मासळी बुडाली, खलाशी हसले. चाचा रागावले नाहीत. त्यानंतर त्यांनी इक्बालला कधी बोलावलंच नाही. "माका वराडलो असतो तर बरा झाला असता," असं इक्बाल मला पुढे कितीदा तरी म्हणाला. सावंतवाडीला कॉलेज, मग पुणे, मग बेंगलोर. फोन करायचा तर "बरो आसंस?" "बरो." एवढ्यावर दोघे थांबायचे. चाची होत्या तोवर त्याच मधे बोलायच्या. त्या गेल्या आणि घरात फोन वाजणंही कमी झालं.

बेंगलोरला तो ज्या कंपनीत होता ती टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं बनवते आणि त्यांवरचे खेळही काढते. तिथे त्याचं नेमकं काम काय, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. एकदा देवबागला संगमाच्या वाळूत बसलो असताना त्याने समजावून सांगितलं. एखादा खेळ निघाला, त्याचा दुसरा भाग निघाला. आता तिसरा काढायचा की नाही, याचं टिपण तयार करणारी पाच-सहा माणसं असतात, त्यांतला तो एक. मला वाटलं, खेळ चांगला असेल तर काढत असतील. तो हसला. "खेळ बरो की वाईट, ह्यो सवाल सगळ्यात शेवटी येता गो. कदी कदी येणाच नाय." आधी बघायचं, या खेळासाठी म्हणून कोणी नवं यंत्र विकत घेतलं का. मग, किती जणांनी सुरुवात करून मधेच सोडला. ज्यांनी पहिला भाग घेतला ते दुसऱ्याला परत आले का. बनवणारी माणसं अजून एकत्र आहेत की पांगली. जेवढा पैसा यात घालायचा तेवढ्यात एखाद्या लढाईच्या खेळाचा सातवा-आठवा भाग निघतो का, कारण तो डोळे मिटून खपतो. आणि सगळ्यात वाईट खूण कुठली, तर खेळ संपणं. जो खेळ संपतो त्याचा माणूस उठून दुसरीकडे जातो. कधीच न संपणारे खेळ कंपनीला आवडतात.

"आणि नको म्हणायचं ठरलं तर?" मी विचारलं.

"नको असा आमी लिवणाच नाय. 'आत्ता नाही' लिवतो." नाव कंपनीच्या मालकीचं राहतं, उद्या कधी उपयोगी पडेल म्हणून. बाहेर कोणी काही जाहीर करत नाही. लोक वर्षानुवर्षं वाट बघत राहतात आणि एक दिवस बघणं सोडतात. हे सांगताना तो वाळू मुठीत घेऊन सोडत होता. मला ते काम कोरडं वाटलं, पण त्याला त्याचा त्रास होत असेल असं तेव्हा मनात आलं नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत चाचांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सुधारला, बोटं मात्र वळेनात. मी त्यांना चेंडू दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे लावायला दिले. दोन दिवसांत त्यांनी सगळं कोपऱ्यात फेकलं. "माका काय पोर समाजतंस?" मी इक्बालला फोनवर सहज म्हटलं, की त्यांना बोटं हलवावीशी वाटतील असं काहीतरी हवं. पुढच्या आठवड्यात तो यंत्र घेऊन हजर. सोबत एक खेळ. त्यात मारामारी नव्हती. एक म्हातारा नावाडी बेटाबेटांवरून माणसं आणतो-नेतो. वारा, भरती-ओहोटी, धुकं, एवढंच. मोजक्या मंडळींनी कुठल्याशा थंड देशात इक्बालच्या कंपनीसाठी बनवलेला, आणि फारसा न खपलेला. चाचांनी पहिल्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी इक्बाल खेळत असताना मागून म्हणाले, "वारो भायरसून येता आनि शीड असा बांधतत? कोण शाणो हो?" तिसऱ्या दिवशी कंट्रोलर त्यांच्या हातात होता.

तिथून जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. बोटं तर सुधारलीच. पण रोज संध्याकाळी, मगरिबची नमाज झाली की, बेंगलोरहून फोन यायचा, चाचा मागच्या पायरीवर जाऊन बसायचे आणि बाप-लेक तासभर बोलायचे. कुठल्या बेटाकडे कसं वळायचं, नांगर कुठे टाकायचा, कुठे खेळ चुकलाय. खाडीच्या तोंडाशी वाळू साचते तिथे लाट कशी दुमडते, ते चाचांनी तीन संध्याकाळी सांगितलं आणि इक्बालने लिहून घेतलं. देवबागच्या तोंडातून चाळीस वर्षं बोट काढलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. इक्बालने ते त्या मंडळींना इंग्रजीत करून पाठवलं. त्यांचा दुसरा भाग तेव्हा घडत होता. तो आला, चाचांनी लावला, आणि खाडीच्या तोंडाशी आल्यावर खुर्चीत ताठ बसले. लाट तशीच दुमडत होती. "बगलंस?" ते मला म्हणाले, "ही माजी लाट." मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. त्या भागाच्या शेवटी नावाड्याचा धाकटा भाऊ धुक्यात गेलेला परत येत नाही, आणि म्हातारा त्याला शोधायला नाव काढतो. तिथेच खेळ संपतो. साहजिकच दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाला: "इक्बाल, तिसरो भाग कधी येतलो?"

दोन वर्षांपूर्वीच्या ईदेला इक्बाल माझ्या दवाखान्यात येऊन बसला. शेवटचा पेशंट जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "तिसऱ्याचा टिपण मीच लिवलंय." वरच्यांनी ते काम त्यालाच दिलं होतं, कारण त्या खेळाची खडान्खडा माहिती त्यालाच होती. आकडे वाईट होते. कोणी त्यासाठी यंत्र घेतलं नव्हतं. शिवाय तो खेळ संपायचा. त्याने चार दिवस कागद कोरा ठेवला आणि पाचव्या दिवशी 'आत्ता नाही' लिहिलं. महिन्याभरात खेळ बनवणारी ती मंडळी पांगली, त्यांची कामाची जागा बंद झाली. त्यांच्यातल्या मुख्य बाईंनी शेवटच्या फोनवर त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट विचारलं, वडील कसे आहेत.

"चाचांना सांग," मी म्हटलं.

"सांगलंय तर खेळूचा बंद करतलो. हात परत आखडतलो."

"हात बघायला मी आहे."

"हाताचाच नाय गो..." तो म्हणाला.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण दिवसभराची दमलेली होते, आणि चाचा रोज मला तोच प्रश्न विचारायचे त्याचाही वैताग होता. मी म्हणाले, "तुमची कंपनी लोकांना वाट बघायला लावते ते लावते, तू बापालाही लावतोस. तुला नोकरी लागलीय ती अंगातच मुरलीय." तो उठला, चपला घातल्या, "येतंय" म्हणाला आणि गेला. त्यानंतर आमचं धड बोलणं झालं नाही. ईदेला, दिवाळीला मेसेज यायचे, मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. मी फोन करीन करीन म्हणत राहिले... दोन वर्षं ही काही थोडी नव्हेत.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी चाचांचा व्यायाम पुन्हा सुरू केला. गेल्या मंगळवारची गोष्ट. त्यांची बोटं एकेक करून मी उघडत होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिसरो भाग येवचो नाय, ता तुका ठावक होता मां?"

मी हात थांबवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दोन वर्सां झाली." त्यांनी डाव्या हाताने कपाटाचा खण दाखवला. त्यात औषधांच्या चिठ्ठ्यांत एक इंग्रजी पत्र होतं. जागा बंद करताना त्या बाईंनी चाचांच्या नावाने पोस्टाने पाठवलेलं. तुमच्या लाटेबद्दल आभार, असं होतं, आणि तिसरा भाग निघणार नाही याचं वाईट वाटतं, असंही. शाहीन सुट्टीत एकटी आली होती तेव्हा तिने वाचून दाखवलं. तिसऱ्याचं टिपण कोणी लिहिलं, तेही चाचांनी सुनेकडून काढून घेतलं आणि तिला गप्प राहायला लावलं.

"मग तुम्ही त्याला रोज का विचारत होता, चाचा?"

"दुसरा काय इचारू?" ते म्हणाले. "चौदा वर्साचो होतो तवा मी त्येका घराकडे ठेवलंय तो ठेवलंयच. मगे आमच्याकडे बोलूक काय्येक नाय होता. ह्या एक गावला. ता सोडलंय असतंय तर परत 'बरो आसंस', 'बरो'... तो माज्यासाठी खोटां बोला होतो. आनि मी रोज त्येका खोटां बोलूक लावी होतंय. मंदा, तुज्याकडे काय बोललो काय तो? त्येका जड जाय होता?"

मी त्यांची डॉक्टर नाही, पण रोग्यांशी धीराचं बोलायची सवय मला आहे. नाही हो, असं ओठांवर आलं होतं. पण या घरात दोन वर्षं सगळे एकमेकांना सांभाळून बोलत आले होते, आणि त्यात मीही होते. मी म्हटलं, "व्हय चाचा. जड जात होतं." आणि ईदेच्या दिवशी मी त्याला काय बोलले, तेही सगळं सांगितलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मला रागावले नाहीत. ते न रागावणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. मग मी विचारलं, "रोजचा फोन कोण करायचं, चाचा?"

"तोच. मी खंय करी होतंय."

"जड जात होतं तरी एक दिवस चुकवला नाही त्याने."

 मशिदीतून मगरिबची बांग झाली. त्यांनी खुर्चीतच नमाज अदा केली, मग काठी मागितली आणि मागच्या दारी गेले. त्या घरात फोनला रेंज मिळते ती फक्त मागच्या पायरीवर, केळीच्या अंगाला. तिथे ते बसले, फोन बाजूला पायरीवर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून स्वतःच उघडू-मिटू लागले. रोज बसतात, असं शेजारीण म्हणाली. तास होईपर्यंत उठत नाहीत.