न फिटलेलं जेवण

बँकेतली मुलगी माझ्या गेल्या दोन वर्षांच्या स्टेटमेंटवर पिवळ्या पेनाने रेघा ओढत होती. दोन क्रेडिट कार्डं आणि ओव्हरड्राफ्ट असं सगळं मिटवून एकच कमी व्याजाचं कर्ज घ्यायचं, म्हणून मी आणि बायको, सुषमा, तिच्यासमोर बसलो होतो. सुषमा ते कागद पहिल्यांदाच पाहत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे हॉटेल कुठलं?"

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या सहाजणांना मी जेवू घातलं होतं. बढती त्यांच्यातल्या एकाला मिळाली होती, तरी बिल मी ओढून घेतलं. नंतर दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत गेलो. एवढं मी तिला सांगितलं.

"अजून फिटलं नाही?" सुषमाने हळूच विचारलं.

मला माझीच किळस आली. जे अन्न पोटात एक दिवसही टिकलं नाही, त्याचं व्याज मी दोन वर्षं भरत होतो. अशा वेळी माणूस नक्की काय खातो? अन्न, की चारचौघांनी आपल्याला मोठं म्हणावं ही स्वतःचीच हाव?

"आता व्याज जवळजवळ निम्मं होईल, सर," मुलगी प्रसन्नपणे म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता. माझी किळस मात्र होती तेवढीच राहिली.

"मॅडम, सहकर्जदार म्हणून तुमची इथे सही."

सुषमाने पेन घेतलं. "त्या रात्री बाहेर जेवणार आहात हे तुम्ही कळवलं नव्हतंत," ती म्हणाली. "मी जेवायची थांबले होते. मग तशीच झोपले."

आणि तिने सही केली.